एक सेंटीमीटर म्हणजे दहा हजार किलोमीटर: सूर्यमाला मैदानावर मांडताना

सूर्यमालेचं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. डाव्या कडेला सूर्याचा पिवळा तुकडा, मग ओळीने आठ गोळे, त्यातल्या एकाला कडी. या चित्रात एक तर ग्रहांचे आकार खरे असतात, नाही तर अंतरं. दोन्ही एकाच कागदावर खरी दाखवता येत नाहीत. पुस्तकाचं पान २० सेंटीमीटर रुंद धरा आणि सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतचं अंतर त्यात बसवा. सूर्यच केसाच्या जाडीएवढा उरतो आणि पृथ्वी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान होते, म्हणजे छापताच येत नाही. चित्रकार मग अंतरं दाबतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की ग्रह एकमेकांना खेटून फिरतात. ग्रहांबद्दलचे निम्मे गैरसमज इथून सुरू होतात.

यावर उपाय म्हणजे कागद सोडून जमिनीवर उतरणं. त्यासाठी प्रमाण असं निवडावं की हिशेब तोंडी जमेल: एक सेंटीमीटर म्हणजे दहा हजार किलोमीटर. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणून गोळा १.२७ सेंटीमीटरचा. अंतरांचं गणित तर त्याहून सोपं आहे, कारण एक कोटी किलोमीटर म्हणजे बरोबर दहा मीटर. पृथ्वी सूर्यापासून सरासरी १४.९६ कोटी किलोमीटरवर आहे, म्हणजे मैदानावर १५० मीटरवर. इतर बहुतेक प्रमाणांत कॅल्क्युलेटर काढावा लागतो.

आधी सूर्य. त्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर, म्हणजे इथे १३९ सेंटीमीटर. एवढा गोळा करायच्या भानगडीत पडू नये. ७० सेंटीमीटर दोरीच्या एका टोकाला खडू बांधून मोठ्या पुठ्ठ्यावर किंवा कापडावर वर्तुळ काढा आणि ती चकती उभी लावा. लांबून गोळा आणि चकती यांत काही फरक दिसत नाही.

ग्रहांसाठी लागणारे गोळे असे: बुध ४.९ मिलिमीटर, शुक्र १.२१ सेंटीमीटर, पृथ्वी १.२७, मंगळ ६.८ मिलिमीटर, गुरू १४.३ सेंटीमीटर, शनी १२, युरेनस ५.१, नेपच्यून ४.९५. आणि चंद्र ३.५ मिलिमीटर. लहान चार ग्रहांना मणी किंवा मातीच्या गोळ्या चालतात. गोळीचा व्यास फूटपट्टी वर धरून मोजला की हमखास चुकतो. गोळी दोन पुस्तकांच्या मध्ये अलगद धरायची, पुस्तकं समांतर ठेवायची आणि मधली फट मोजायची. गुरू मात्र भरीव मातीचा करू नका. वजन अडीच किलोच्या आसपास जातं, आणि बाहेरचा थर आतल्याआधी वाळून आक्रसतो, त्यामुळे तडे पडतात. रद्दी कागदाचा घट्ट बोळा करून त्यावर लगद्याचे पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा.

गुरू आणि शनी नेमके गोल नाहीत. गुरू स्वतःभोवतीची फेरी दहा तासांच्या आत संपवतो, शनी पावणेअकरा तासांच्या आसपास. एवढ्या वेगाने फिरणारा वायूचा गोळा विषुववृत्तावर फुगतो आणि ध्रुवांशी चपटा होतो. आपल्या प्रमाणात शनी आडवा १२ आणि उभा १०.९ सेंटीमीटर हवा, म्हणजे ओला असतानाच वरून-खालून दाबून एक सेंटीमीटरहून थोडा जास्त बसवायचा. हा चपटेपणा छोट्या दुर्बिणीतूनही कळतो.

आता चालायला लागा. साधारण पाऊल पाऊण मीटरचं धरलं तर पृथ्वीपर्यंत दोनशे पावलं. आधी मोजपट्टीने ३० मीटर मोजून त्यात आपली किती पावलं बसतात ते तपासा. पावलाच्या अंदाजात दहा टक्के चूक असली तर गुरूपाशी ती ७८ मीटरची होते.

बुध ५८ मीटरवर येतो, पण ही सरासरी झाली. त्याची कक्षा आठही ग्रहांत सर्वांत लंबगोल आहे. तो सूर्याजवळ ४६ मीटरपर्यंत येतो आणि लांब ७० मीटरपर्यंत जातो. म्हणून बुधासाठी एक नाही, दोन खुणा कराव्यात. वर्ष ८८ दिवसांचं, आणि स्वतःभोवतीची फेरी जवळपास ५८.६ दिवसांची. मग तिथे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा दिवस किती? उत्तर १७६ दिवस, म्हणजे दोन वर्षं. हे ऐकून पटत नाही, करून पटतं. मध्ये एक खुर्ची ठेवा, ती सूर्य. तिच्याकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे तुमच्या नाकावर मध्यान्ह आहे. आता खुर्चीभोवती एक फेरी मारा, आणि तेवढ्यात खोलीच्या भिंतींच्या हिशेबाने स्वतःभोवती दीड वेळा वळा. फेरी संपली की तुमची पाठ खुर्चीकडे असेल, नाकावर मध्यरात्र. आणखी एक फेरी, आणखी दीड वळण, आणि तोंड पुन्हा खुर्चीकडे. दोन वर्षं झाली, दिवस एक.

हे करताना बहुतेक जण खुर्चीकडे बघत बघतच गोल फिरतात. तसं केलं की फेरीत एकच वळण होतं, आणि एकच बाजू कायम खुर्चीकडे राहते. चंद्र पृथ्वीभोवती तसाच फिरतो. बुधही सूर्याभोवती तसाच फिरत असेल असं खगोलशास्त्रज्ञ कित्येक दशकं धरून चालले होते. १९६५ मध्ये पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने बुधावर रडार लहरी सोडून परतीच्या लहरी तपासल्या, तेव्हा खरा आकडा सापडला. लांबलचक दिवस आणि वातावरण जवळजवळ नाही, यामुळे तिथे दिवसा तापमान ४३० अंश सेल्सिअसपर्यंत चढतं आणि रात्री उणे १८० पर्यंत उतरतं. एवढं असूनही ध्रुवांजवळच्या काही विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही, आणि तिथे बर्फ आहे.

शुक्र १०८ मीटरवर. सूर्यापासून बुधाच्या जवळपास दुप्पट लांब, म्हणजे ऊन चौथ्या हिश्शाच्या थोडं वर. शिवाय पांढरे ढग त्यातला तीन चतुर्थांश प्रकाश परत पाठवतात. तरी पृष्ठभागाचं तापमान सुमारे ४६५ अंश, दिवसा आणि रात्री सारखंच. कारण सगळं वातावरणात आहे. ते ९६ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइडचं, आणि त्याचा दाब आपल्या ९२ पट, समुद्रात ९०० मीटर खोल गेल्यावर असतो तेवढा. आत आलेली उष्णता बाहेर पडायला वाटच मिळत नाही. सोव्हिएत संघाचं व्हेनेरा १३ हे यान १९८२ मध्ये तिथे उतरलं आणि १२७ मिनिटं तगलं. त्या जागी ही मोठी कामगिरी समजली जाते. शुक्र स्वतःभोवती उलटा फिरतो, आणि तोही २४३ दिवसांत एकदा, म्हणून तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. वर्ष २२५ दिवसांचं. उलट्या फिरण्यामुळे दोन गतींची इथे वजाबाकी न होता बेरीज होते, आणि एका मध्यान्हापासून पुढच्या मध्यान्हापर्यंत ११७ दिवस लागतात. ‘शुक्राचा दिवस वर्षापेक्षा मोठा’ हे वाक्य सगळीकडे लिहिलेलं असतं. ते स्वतःभोवतीच्या फेरीबद्दल खरं आहे, उजाडण्या-मावळण्याबद्दल नाही.

१५० मीटरवर पृथ्वीची गोळी ठेवा आणि मागे वळून चकतीकडे बघा. ती आकाशातल्या सूर्याएवढीच दिसते, अर्ध्या अंशाची. प्रमाण कोणतंही घ्या, कोन बदलत नाही. (खऱ्या सूर्याकडे बघून ताडून पाहू नका.) आता चंद्राचा ३.५ मिलिमीटरचा मणी एका सुईला टोचून घ्या. त्याची जागा पृथ्वीपासून सरासरी ३८.४ सेंटीमीटर. माणूस पृथ्वी सोडून जिथवर जाऊन आला ते अंतर एवढंच. डोळा पृथ्वीच्या जागी ठेवून मणी चकतीसमोर धरला की ग्रहण लागायला हवं, पण पहिल्या खेपेला ते नीट लागत नाही. मण्याच्या आरपार चकती अंधूक दिसत राहते. यात मण्याची चूक नसते. डोळ्याची बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरची असते, म्हणजे आपण एकाच वेळी हजारो किलोमीटर रुंद पृथ्वीवरून बघत असतो. मण्याच्या दोन्ही बाजूंनी प्रकाश आत येतो. कार्डाला टाचणीने भोक पाडा, ते डोळ्याला चिकटवून त्यातून बघा, आणि मणी पुढे-मागे करा. ३६ सेंटीमीटरवर चकती पूर्ण झाकली जाते. ४० सेंटीमीटरवर भोवती उजेडाची कड उरते. पहिलं खग्रास, दुसरं कंकणाकृती. चंद्राची कक्षा लंबगोल असल्याने तो खरोखरच ३६.३ ते ४०.५ सेंटीमीटरच्या दरम्यान पुढे-मागे होतो. खग्रास ग्रहणाची दाट सावली पृथ्वीवर फार तर अडीच-पावणेतीनशे किलोमीटर रुंद पडते, म्हणजे आपल्या गोळीवर जेमतेम पाव मिलिमीटर. खग्रास ग्रहणासाठी लोकांना प्रवास करून ठरावीक पट्ट्यात का जावं लागतं, ते इथे दिसतं.

पृथ्वीही १४७ ते १५२ मीटरच्या दरम्यान असते. ती सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला येते, ऐन उत्तरेच्या थंडीत. ऋतू अंतराने होत नाहीत, अक्षाच्या २३.४ अंशांच्या कलण्याने होतात.

आणखी एक गोष्ट इथूनच तपासता येते. शुक्राचं वर्तुळ १०८ मीटर त्रिज्येचं आणि आपण १५० मीटरवर. कितीही केलं तरी शुक्र चकतीपासून ४७ अंशांपेक्षा लांब दिसू शकत नाही. बुध तर २८ अंशांच्या आतच. म्हणून हे दोघे संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला भेटतात, मध्यरात्री डोक्यावर कधीच नाहीत. मध्यरात्री डोक्यावर ठळक, न लुकलुकणारा ठिपका दिसला तर तो बहुधा गुरू असतो. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारे ग्रह पाचच, आणि आपल्या मंगळवार ते शनिवार या पाच वारांना त्यांचीच नावं आहेत.

मंगळ २२८ मीटरवर. पण पृथ्वीपासून तो किती लांब, हे दोघे आपापल्या वर्तुळावर कुठे आहेत त्यावर ठरतं. एकाच बाजूला असले तर सुमारे ५५ मीटर, सूर्याच्या विरुद्ध बाजूंना असले तर ४०० मीटरपर्यंत. दर २६ महिन्यांनी पृथ्वी त्याला आतून मागे टाकते. तेव्हा तो तेजस्वी लाल दिसतो, आणि यानंही याच सुमाराचा मुहूर्त साधून सोडली जातात. भारताचं मंगळयान नोव्हेंबर २०१३ मध्ये निघून २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचलं, ते असंच. दर ऑगस्टमध्ये एक मेसेज फिरतो की मंगळ चंद्राएवढा दिसणार. त्याचा उगम २००३ चा. २७ ऑगस्टला मंगळ खरोखरच विक्रमी जवळ, ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता. म्हणजे ६.८ मिलिमीटरचा मणी ५६ मीटरवर. तो चंद्राएवढा दिसेल का, हे तिथे एक मणी ठेवून कुणालाही तपासता येईल. चंद्राच्या तुलनेत तो सत्तर पटींहून लहान दिसतो.

मंगळ थंड आहे, त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याची हवा विरळ आहे. दाब आपल्या एक टक्क्याहून कमी. एवढ्या दाबाला पाणी शून्य अंशाच्या आसपासच उकळू लागतं, त्यामुळे ते पृष्ठभागावर द्रवरूपात टिकत नाही. वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं; मुक्तिवेग, म्हणजे ग्रहाच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला ५ किलोमीटर, पृथ्वीचा ११.२. त्यात ग्रहभर पसरलेलं चुंबकीय क्षेत्र नाही. हवा धरून ठेवायला ही पुंजी पुरली नाही.

पुढे लघुग्रहांचा पट्टा. सिनेमात दगड एकमेकांवर आपटत असतात तसं तिथे काही नसतं. सगळे लघुग्रह एकत्र केले तरी चंद्राच्या वस्तुमानाच्या काही टक्केच भरतात, आणि त्यातला सर्वांत मोठा सेरेस आपल्या मैदानावर एक मिलिमीटरचा कण, ४१४ मीटरवर. यानं मधून जातात, काही लागत नाही.

गुरूपर्यंत ७७८ मीटर चालावं लागतं. त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट, बाकी सातही ग्रहांच्या एकत्रित वस्तुमानाच्या अडीच पट. हा आकडा नुसता वाचून काही होत नाही, म्हणून सूर्याच्या चकतीपाशी परत या. गुरू सूर्याभोवती फिरतो असं आपण म्हणतो, पण दोघेही त्यांच्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती, म्हणजे दोघांचा तोल जिथे साधतो त्या बिंदूभोवती, फिरतात. ते केंद्र सूर्याच्या मध्यापासून ७४ सेंटीमीटरवर येतं, आणि चकतीची त्रिज्या आहे ७० सेंटीमीटर. म्हणजे गुरू सूर्याला त्याच्या स्वतःच्या अंगाबाहेरच्या बिंदूभोवती डुलायला लावतो. दूरच्या ताऱ्यांना ग्रह आहेत का, हे शोधायची एक पद्धत नेमकी हा डोल मोजते.

गुरूवर उतरायला जमीन नाही. हायड्रोजन आणि हेलियम खोल जाताना दाट होत जातात, वायू संपून द्रव सुरू झाला असं सांगणारी रेघ कुठेच नसते. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले चार मोठे उपग्रह साध्या द्विनेत्रीतूनही दिसतात. हात थरथरला तर ते पुसले जातात, म्हणून द्विनेत्री भिंतीला टेकवून धरावी.

शनी १.४३ किलोमीटरवर. त्याच्या कड्यांसाठी पुठ्ठा कापायचा तर बाहेरचा व्यास २७ सेंटीमीटर, आतला १५. मग जाडी? मुख्य कडी बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आसपासच जाड आहेत. आपल्या प्रमाणात साधा कागदही दहा हजार पट जाड होईल, तेव्हा मिळेल तो पातळ कागद घ्या आणि पुढे चला. कडी म्हणजे सलग तबकडी नव्हे; बर्फाचे कण, खडे आणि घराएवढे ढेकूळ, प्रत्येक जण आपापल्या कक्षेत. शनीचा अक्ष २६.७ अंश कललेला असल्याने साधारण दर पंधरा वर्षांनी कडी आपल्याला बरोबर काठावरून दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. १६१२ मध्ये गॅलिलिओ त्यामुळेच बुचकळ्यात पडला होता. २०२५ मध्ये तीच स्थिती होती, आणि नव्याने दुर्बीण घेतलेल्यांना वाटलं की दुर्बीण बिघडली.

शनी पाण्यावर तरंगेल, हे वाक्य मला फारसं आवडत नाही. सरासरी घनता पाण्याच्या ०.६९ पट आहे हे खरं, पण वायूचा गोळा लाकडासारखा तरंगत नाही. त्याऐवजी हे लक्षात ठेवण्यासारखं: वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट असूनही ढगांच्या माथ्यावर गुरुत्वाकर्षण जवळजवळ पृथ्वीएवढंच आहे, कारण तो माथा केंद्रापासून फार लांब आहे. आणि उपग्रहांची संख्या पाठ करण्यात वेळ घालवू नये. मार्च २०२५ मध्ये शनीचे १२८ नवे उपग्रह एकदम जाहीर झाले, बेरीज २७४ वर गेली, आणि सगळी जुनी उत्तरं चुकली.

पुढचे दोन ग्रह मैदानावर मावत नाहीत. युरेनस (जुन्या पुस्तकांतला हर्षल) २.८७ किलोमीटरवर आणि नेपच्यून ४.५ किलोमीटरवर. हे नकाशावर खुणावलेले बरे. युरेनसच्या गोळ्यातून काडी घालताना ती जवळपास आडवी ठेवा. अक्ष ९८ अंश कललेला आहे, त्यामुळे ८४ वर्षांच्या फेरीत प्रत्येक ध्रुवावर सुमारे ४२ वर्षं उजेड आणि ४२ वर्षं अंधार. तो १७८१ मध्ये विल्यम हर्शेलला दुर्बिणीतून आकाश चाळताना सापडला. नेपच्यून आधी कागदावर सापडला. युरेनस हिशेबाबाहेर सरकत होता, त्यावरून फ्रेंच गणिती ल व्हेरिएने अज्ञात ग्रहाची जागा काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये खगोलशास्त्रज्ञ गाले यांनी दुर्बीण तिकडे वळवली. एका अंशाच्या आत ग्रह मिळाला. या दोन्ही ग्रहांपाशी आजवर एकच यान गेलं आहे, व्हॉयेजर २, अनुक्रमे १९८६ आणि १९८९ मध्ये.

प्लुटो २.४ मिलिमीटरचा, आपल्या चंद्राहूनही लहान, आणि ४.४ ते ७.४ किलोमीटरच्या दरम्यान भटकणारा. ऑगस्ट २००६ मध्ये प्रागच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने ग्रहासाठी तीन अटी ठरवल्या: सूर्याभोवती फिरणं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल होणं, आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणं. प्लुटो तिसऱ्या अटीत बसला नाही आणि बटुग्रह झाला. हा निर्णय आजही सगळ्यांना मान्य नाही, पण त्याच भागात त्याच्यासारखे अनेक पिंड सापडू लागल्यावर काहीतरी ठरवणं भाग होतं.

या मैदानावर प्रकाश सेकंदाला फक्त ३० सेंटीमीटर जातो, बाळ रांगतं तसा. चकतीपासून पृथ्वीच्या गोळीपर्यंत यायला त्याला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, नेपच्यूनपर्यंत चार तासांहून अधिक. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, मांडायचा तर सरळ ४० हजार किलोमीटर चालत जावं लागेल. तेवढ्यात खऱ्या पृथ्वीला पूर्ण वळसा पडून आपण पुन्हा चकतीपाशीच येतो, म्हणून तो सोडून द्यावा.

मांडणी झाली की एक चूक उरते: आठही ग्रह एका रेषेत. तसे ते प्रत्यक्षात कधीच नसतात. प्रत्येकाने आपल्या वर्तुळावर वेगवेगळ्या दिशेला असायला हवं. जागा असेल तर पहिले चार तरी दिशा बदलून ठेवा, आणि रोज थोडे सरकवा. उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिल्यासारखं धरलं तर सगळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट जातात. बुधाला दिवसाला सरासरी चार मीटर, पृथ्वीला अडीच मीटरच्या किंचित वर. नेपच्यूनला रोजचे ४७ सेंटीमीटर पुरतात, पण त्याचं वर्तुळ २८ किलोमीटरचं आहे. १८४६ मध्ये तो जिथे सापडला होता, त्या जागी तो २०११ मध्ये पहिल्यांदा परत आला.